केसपेपरवरच्या एका ओळीने अडकलेला क्लेम

वडिलांच्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि रेडिएशन पार पडलं. डॉक्टरांनी त्यांचं काम नीट केलं. राग अजून आहे तो विमा कंपनीच्या पत्राचा: ‘आजार पॉलिसीपूर्वीचा, सबब दावा नामंजूर.’

पुरावा म्हणून भरतीच्या दिवशीची एक ओळ दाखवली होती. ‘एच/ओ नॉन-हीलिंग अल्सर सिन्स टू इयर्स.’ एच/ओ म्हणजे हिस्टरी ऑफ, रुग्णाने तोंडी सांगितलेलं. आधी निदान झालेल्या आजाराला के/सी/ओ, म्हणजे नोन केस ऑफ, लिहितात. आपल्याकडचा माणूस सांगतो, ‘दोनेक वर्षं झाले, मधनंमधनं तोंड येतंय.’ म्हणजे चार दिवसांत बरं होणारं तोंड. निवासी डॉक्टर घाईत तेच दोन वर्षांची न भरणारी जखम म्हणून लिहितो. पॉलिसी दीड वर्षाची, जखम दोन वर्षांची. कंपनीला एवढं पुरतं.

विमा नियामकाची व्याख्या मात्र वेगळं सांगते. पॉलिसी सुरू होण्याआधीच्या 36 महिन्यांत डॉक्टरने निदान केलेला, किंवा ज्यावर डॉक्टरचा सल्ला वा उपचार झालेला, तोच पूर्वीचा आजार. त्यासाठी कुणा डॉक्टरकडे गेलेलंच नसेल तर नुसती तक्रार त्यात बसत नाही. म्हणून कंपनीला लेखी विचारा: कोणत्या डॉक्टरचा, कोणत्या तारखेचा कागद तुमच्याकडे आहे? आणि पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली नाकारलं?

केसपेपरवर खाडाखोड अजिबात करून घेऊ नका, मग सगळी फाइलच संशयात जाते. ऑपरेशन करणाऱ्या सर्जनकडून लेटरहेडवर, सही-शिक्का आणि नोंदणी क्रमांकासह वेगळा दाखला घ्या. त्यात तीन गोष्टी हव्यात: ही जखम कधीपासून, पहिलं निदान कोणत्या तारखेच्या बायोप्सीने, त्याआधी याच जागेवर उपचार झाले होते का. खरं असेल तेवढंच लिहून घ्यायचं. सोबत बायोप्सीचा रिपोर्ट जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे ईमेलने पाठवा. फोनवरच्या आश्वासनाची नोंद राहत नाही. आमचा क्लेम तिथेच मंजूर झाला. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी. मराठवाड्यासाठी कार्यालय पुण्याला. फी नाही, वकील चालत नाही, 50 लाखांपर्यंतची तक्रार घेतात. नकारापासून एका वर्षाच्या आत जायला हवं.

खरं तर हे भरतीच्या वेळीच टाळता येतं. हिस्टरी सांगताना ‘तोंड यायचं’ आणि ‘ही गाठ, ही जखम’ वेगवेगळं सांगा, आणि काय लिहिलं ते लगेच वाचून दाखवायला सांगा. त्यात संकोच कसला? केसपेपरच्या प्रती मागितल्यावर 72 तासांत देणं बंधनकारक आहे. अर्जाची पोच घ्या.

हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागाच्या तपासणीचा, रिपोर्ट घरी वाचताना जीव उगाच धास्तावतो. ‘नोड्स 0/24’ म्हणजे 24 लसिका ग्रंथी तपासल्या, एकीतही कॅन्सर नाही. ‘मार्जिन निगेटिव्ह’ म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर नाही, ही चांगली बातमी. तोंडाच्या कॅन्सरमध्ये मार्जिन 5 मिमीपेक्षा कमी असलं की ‘क्लोज’ म्हणतात. तेव्हा रेडिएशनबद्दल स्वतःहून विचारा. ग्रेड पेशींचं रूप सांगते आणि स्टेज आजाराचा पसारा, म्हणून ग्रेड 3 म्हणजे तिसरी स्टेज नव्हे. दुसरं मत घ्यायला मुंबईला जाणार असाल तर रिपोर्टसोबत तपासणीच्या काचा (स्लाइड) आणि मेणात बसवलेला तुकडा (ब्लॉक) हेही न्या, नुसत्या कागदावर तिथे भागत नाही. ब्लॉक उन्हात ठेवू नका, मेण वितळतं.

देवगिरी एक्सप्रेसचं तिकीट काढण्याआधी रुग्णालयाकडून रेल्वे सवलतीचा फॉर्म भरून घ्या. स्लीपर आणि थर्ड एसीत कॅन्सर रुग्णाला भाडं माफ, सोबतच्या एकाला 75 टक्के सूट.

फॉलोअपच्या प्रत्येक कागदावर ‘एनईडी’, म्हणजे आजाराचा पुरावा नाही, असं तारखेसह लिहून घेत जा. पुढे पॉलिसी दुसऱ्या कंपनीत न्यायची झाली तर कॅन्सर होऊन गेल्याचं सांगावंच लागतं, आणि तेव्हा हेच कागद मागतात.