पेटकर की पेठकर? भिंतीवरच्या तीन ओळींची गोष्ट

शाळेच्या जिन्याजवळ नामवंत खेळाडूंची नावं रंगवायचं ठरलं आणि मजकुराची चिठ्ठी लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. बाकी सगळे सुरळीत पार पडले, जलतरणपटू मुरलीकांत पेटकरांपाशी मात्र गाडी अडली.

पेंटरमामांनी रंगवलं ते असं : ‘मुरलीधर पेठकर, म्युनिक ऑलिंपिक १९७२, ५० मी. पोहणे, तिसरा क्रमांक, ३७.३३ मि.’

सातवीतलं एक पोरगं म्हणालं, "सर, पन्नास मीटरला सदतीस मिनिटं? मीपण जाईन की!" माझी बोलती बंद. घाईत ‘से.’च्या जागी ‘मि.’ मीच खरडलं होतं. ‘मुरलीधर’ तेवढं मामांचं.

मग एकेक शब्द तपासायला बसलो. २०१८ च्या पद्मश्रीच्या यादीत नाव आहे, पण इंग्रजी स्पेलिंगवरून ट की ठ, कळायला मार्ग नाही. त्यात ते सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूर भागातले. "पेठचा तो पेठकर," मुख्याध्यापकांनी निकालच लावला. शेवटी पद्मश्रीच्या वेळची मराठी कात्रणं काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. सगळीकडे पेटकर.

खरा घोळ त्या तिनाचा होता. निकालात स्पर्धेचं नाव ‘५० मी. फ्रीस्टाइल ३’ असं आहे. हा तीन अपंगत्वानुसार पाडलेल्या गटाचा. मी तो क्रमांक समजलो. ३७.३३ सेकंद हा त्या वेळचा विश्वविक्रम, आणि पदक सोन्याचं. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेल्या जवानानं मिळवलेलं, पॅरालिंपिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण. आणि आम्ही त्याचं भिंतीवर कांस्य करून ठेवलेलं!

म्युनिकवरून स्टाफरूममध्ये वाद झालाच. ऑलिंपिक म्युनिकला होतं हे खरं, पण ते ऑगस्टच्या अखेरीस सुरू झालं. पॅरालिंपिक त्याआधी, त्याच महिन्यात, हायडेलबर्गला उरकलं होतं. ‘ऑलिंपिकच लिहा, पोरांना तेच कळतं’ असाही सल्ला मिळाला. तो मी ऐकला नाही.

या वेळी चिठ्ठी ठळक अक्षरांत लिहिली, एकही संक्षेप न करता. मामांनी जुनी ओळ पांढऱ्या रंगानं बुजवली, नवी काढली, आणि शिडीवरूनच विचारलं, "सर, आकड्यातलं टिंब केवढं देऊ?"

"खालून दिसेल एवढं द्या मामा. नाहीतर तीन हजार सातशे तेहेतीस वाचतील."