कागदाचं छत

"अगं हे तर गणपतीचं मखर झालं!" लंडनमधल्या ट्विकनहॅमच्या स्ट्रॉबेरी हिल हाउसमध्ये मान वर करून सासरे मोठ्ठ्याने म्हणाले, शेजारचा गोरा दचकलाच.

पण बोलले ते खरं. वर सगळं सोनेरी कमानींचं जाळं, वेस्टमिन्स्टर ॲबे या चर्चमधल्या सातव्या हेन्री राजाच्या चॅपलवरून उचललेलं, आणि दगडाचा पत्ता नाही, चक्क कागदाचा लगदा!

दिवसभर ते मखर काही डोक्यातून जाईना. या घराचा मालक होरेस वॉलपोल म्हणजे ब्रिटिश पंतप्रधानाचा मुलगा, पैशाची ददात नाही, १७४७ला आधी भाड्याने घर घेतलं, मग विकत, आणि वर्षानुवर्षं त्याचा छोटासा गॉथिक (म्हणजे मध्ययुगीन चर्चसारखा, टोकदार कमानींचा) किल्ला करत बसला. लायब्ररीतली शेकोटी तर ॲबेतल्या एका राजपुत्राच्या थडग्यावरून बेतलेली. थडग्यापुढे पाय शेकत वाचत बसायचं, हौस बघा! लोकांना तिकिटं देऊन घर दाखवायचा, दिवसाला चारच जण आणि पोरं आणू नका अशी अट (मला हे फार आवडलं).

बरं, त्याला सगळं ठाऊक होतं. स्वतःच लिहून ठेवलंय की माझ्या इमारती माझ्या लिखाणासारख्याच कागदी, मी गेल्यावर दहा वर्षांत उडून जातील. तो गेला १७९७ला. डागडुजी करून २०१०मध्ये घर परत उघडलं, छत आहे तिथेच आहे.

आणि असल्याच हौशी घरांनी गॉथिकची फॅशन परत आणली, जी पुढे मुंबईत पोचली, राजाबाई टॉवर, आपलं सीएसएमटी, सगळं भक्कम दगडात. मग नकलेची नक्कल दगडात केली की ती अस्सल होते का हो?