कुकर, पोळी आणि तीन लूप

भाची यंदा डिप्लोमाला आहे, कॉम्प्युटरला. परवा वही घेऊन आली आणि म्हणाली, मामा, प्रोग्रॅममधले हे लूप, फॉर, व्हाइल, डू-व्हाइल, तिन्हींनी तेच तेच परत करायचं, मग तीन कशाला ठेवलेत? प्रश्न बरोबर होता, मला पटकन उत्तर सुचेना, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

म्हटलं हे बघ, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद, हा फॉर लूप. किती वेळा ते आधीच ठरलंय, मोजणारा आय दर शिट्टीला एकने वाढतो, तिसरी झाली की बाहेर. (आयच का, तर १९५७ च्या फोरट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेत आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारी व्हेरिएबल्स, म्हणजे आकडे ठेवायची नावं, आपोआप पूर्णांक धरली जायची, ती सवय अजून सुटलेली नाही.)

आतून आई ओरडली, शिट्ट्या कोण मोजतंय, डाळ जुनी आहे, वास येईपर्यंत ठेवणार मी! झालं, तोच कुकर आईसाठी व्हाइल लूप. डाळ कच्ची आहे तोवर गॅस चालू, मग तीन होऊ देत नाहीतर सात. भाचीला हे एकदम पटलं, माझ्या दहा मिनिटांच्या भाषणापेक्षा जास्तच.

व्हाइलची गंमत अशी की कंडिशन, म्हणजे अट, कधीतरी खोटी व्हायला हवी, नाहीतर लूप थांबतच नाही. मी कॉलेजात टर्बो सी वर, म्हणजे सी भाषेच्या जुन्या सॉफ्टवेअरवर, व्हाइलच्या कंसापुढे सवयीने सेमीकोलन मारला आणि स्क्रीन नुसता बघत बसलो, कारण सेमीकोलनपाशीच लूप संपला आणि आय वाढवायची ओळ लूपच्या बाहेरच राहिली होती. अडकलेला प्रोग्रॅम थांबवायला कंट्रोल-ब्रेक नावाची गोष्ट असते हे त्या दिवशी कळलं. पण मोठ्यांचंही होतं हो. मायक्रोसॉफ्टचा झून नावाचा म्युझिक प्लेयर होता, त्याचं ३० जीबीचं मॉडेल ३१ डिसेंबर २००८ ला सगळीकडे एकदम गोठलं. लीप वर्षाचा ३६६ वा दिवस. दिवसांवरून साल काढणारा लूप म्हणतोय दिवस ३६५ पेक्षा जास्त आहेत तोवर फिर, आत लिहिलंय लीप वर्ष असेल तर ३६६ पेक्षा जास्त असतील तरच वजा कर, आणि दिवस होते बरोब्बर ३६६. ना वजा होतायत ना बाहेर पडतायत. उपाय काय, तर बॅटरी संपू द्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर चालू करा!

डू-व्हाइल मात्र राहूनच गेला. आधी काम कर, मग कंडिशन बघ, म्हणजे एकदा तरी होणारच, हे तिला पाठ होतं पण असलं कोण कशाला लिहील ते कळत नव्हतं. जेवायला बसलो, आईने तिच्या ताटात पोळी टाकली आणि मग विचारलं, अजून हवी का गं?

भाची माझ्याकडे बघून हसली. आजी डू-व्हाइल आहे ना मामा?

आहे, पण 'नको' म्हटलेलं ती चेक करत नाही. ताटावर दोन्ही हात आडवे धर, तोच ब्रेक.