विद्यापीठाच्या सीमेवरची महाविद्यालये: एका सल्लागाराचा तिमाही प्रवासवृत्तांत

जानेवारी ते मार्च या तिमाहीत कोल्हापूर, सोलापूर, लातूर-नांदेड आणि गडचिरोली असा माझा प्रवास झाला. नव्या शैक्षणिक धोरणानुसार ठरलेली श्रेयांकांची (क्रेडिट्सची) रचना संलग्न महाविद्यालयांत प्रत्यक्ष कशी चालते ते पाहणे आणि त्याआधारे विद्यापीठांच्या शैक्षणिक व परीक्षा विभागांना सल्ला देणे, हे माझ्या कामाचे स्वरूप आहे. राज्यात हे धोरण 2023-24 मध्ये पदव्युत्तर विभाग व स्वायत्त महाविद्यालयांपासून सुरू झाले आणि 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांच्या पदवी अभ्यासक्रमांत आले. त्यामुळे त्या वर्षी प्रवेश घेतलेली मुले 2025-26 मध्ये दुसऱ्या वर्षात होती आणि कागदावरची रचना वर्गात किती टिकते, हे तपासण्याची ती योग्य वेळ होती. याच वाटेने जाणाऱ्या सल्लागारांना, आणि अशा पाहणीसाठी पाठवल्या जाणाऱ्या प्राध्यापकांनाही, उपयोग व्हावा म्हणून हा वृत्तांत लिहीत आहे.

माझे मुख्य निरीक्षण आरंभीच सांगतो. आपली बहुतेक सार्वजनिक विद्यापीठे संलग्नतेवर उभी आहेत; विद्यार्थ्यांचा फार मोठा भाग विद्यापीठाच्या परिसरात नसून तालुक्यांच्या गावी शिकतो. मुख्यालयातील सभागृहात सादरीकरण करून परतणाऱ्या सल्लागाराला विद्यापीठ दिसतच नाही. विद्यापीठ पाहायचे असेल, तर त्याच्या कार्यक्षेत्राच्या अगदी टोकाच्या महाविद्यालयात आधी जावे आणि मुख्यालयात नंतर यावे, असे माझे ठाम मत आहे.

ही तिमाही निवडताना दिनदर्शिका नीट पाहावी लागते. जानेवारीत अनेक महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची निवासी शिबिरे असतात आणि नेमके ज्या उत्साही प्राध्यापकांना भेटायचे असते तेच दत्तक गावात मुक्कामाला असतात. फेब्रुवारीत बारावीच्या परीक्षा सुरू झाल्या की कनिष्ठ महाविद्यालय जोडलेल्या संस्थांमध्ये वर्गखोल्या आणि माणसे दोन्ही परीक्षेत अडकतात. मार्चमध्ये अधिसभेची अर्थसंकल्पीय बैठक आणि वर्षअखेरीची देयके यांपुढे विद्यापीठात दुसरे काही सुचत नाही. म्हणून महाविद्यालयांच्या भेटी प्रजासत्ताक दिनानंतरच्या पंधरवड्यात आणि बारावीच्या लेखी परीक्षा संपल्यानंतर ठेवाव्यात, तर विद्यापीठातील अधिकाऱ्यांशी होणाऱ्या सविस्तर चर्चा फेब्रुवारीतच उरकाव्यात.

कोल्हापूरचा भाग सुकर होता. शिवाजी विद्यापीठ 1962 पासूनचे, कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांचे; येथे एका दिवसात दोन तालुक्यांतील महाविद्यालये पाहून मुक्कामाला परत येता येते. सोलापूरचे विद्यापीठ 2004 मध्ये एकाच जिल्ह्यासाठी स्थापन झाले, त्यामुळे अंतरे आटोक्यात आहेत आणि प्राचार्य व विद्यापीठाचे अधिकारी एकमेकांना नावानिशी ओळखतात. ज्याला हे काम नव्याने शिकायचे आहे त्याने सुरुवात अशा लहान कार्यक्षेत्रापासून करावी, कारण अभ्यासमंडळात, म्हणजे विषयाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळात, ठरलेली गोष्ट वर्गापर्यंत कोणत्या टप्प्यांनी पोहोचते हे तेथे सलग पाहता येते.

सोलापूरहून तुळजापूरमार्गे एसटीने लातूर गाठले आणि खरी पाहणी तेथून पुढे सुरू झाली. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 17 सप्टेंबर 1994 रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात आणि लातूरला त्याचे उपकेंद्र आहे. विष्णुपुरीचा परिसर नांदेड शहराबाहेर आहे, म्हणून सकाळी कार्यालये उघडण्याच्या वेळी पोहोचायचे असेल, तर आदल्या रात्रीच मुक्कामाला यावे. अतिथिगृहाची मागणी तोंडी करू नये. कुलसचिवांच्या नावे पत्र द्यावे, त्यावर आवक क्रमांक घ्यावा आणि त्याची प्रत जवळ ठेवावी.

या टप्प्यात तालुक्यांच्या गावी असलेल्या महाविद्यालयांत मी जे पाहिले ते थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. नव्या रचनेत विद्यार्थ्याला मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), दुसऱ्या विद्याशाखेतील खुला ऐच्छिक विषय, कौशल्याधारित विषय, भारतीय ज्ञान प्रणाली, मूल्यशिक्षण असे बरेच काही निवडायचे असते आणि तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान 120 श्रेयांक मिळवायचे असतात. एका श्रेयांकामागे सैद्धांतिक विषयाच्या 15 तासिका किंवा प्रात्यक्षिकाचे 30 तास हे गणित सर्वांना पाठ आहे. परंतु ज्या महाविद्यालयात केवळ कला शाखा आहे आणि निम्मे अध्यापक तासिका तत्त्वावर, म्हणजे तासानुसार मानधनावर, आहेत, तेथे दुसऱ्या विद्याशाखेचा विषय शिकवणार कोण, हा प्रश्न त्या गणितात येत नाही. तासिका तत्त्वावरील नेमणुकांना अनेकदा सत्र सुरू झाल्यानंतर मान्यता मिळते. तोपर्यंत इतिहासाचे प्राध्यापक पर्यावरणाचा विषय सांभाळतात आणि मुलांना निवड करण्यासाठी दिलेल्या यादीत प्रत्यक्षात एकच नाव उरते. येथे दोष त्या प्राध्यापकांना देता येणार नाही. एका महाविद्यालयात मराठीच्या प्राध्यापिका आपला कार्यभार सांभाळून मुलांना बँकेचे अर्ज, तक्रारपत्रे आणि माहिती अधिकाराचे अर्ज लिहायला शिकवत होत्या आणि कौशल्याधारित विषयाला इतका अर्थपूर्ण आशय मला अन्यत्र क्वचित आढळला. विद्यापीठाने अशी उदाहरणे शोधून ती अभ्यासमंडळासमोर ठेवावीत, ही शिफारस मी अहवालात पहिल्या क्रमांकावर केली आहे. त्याखालोखाल, जवळच्या दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून खुल्या विषयांचे सामायिक वेळापत्रक करावे असे सुचवले आहे. मात्र त्या गावांमध्ये सोयीच्या वेळी एसटी असेल तरच ते शक्य आहे, म्हणून वेळापत्रक आखणाऱ्याने आगाराच्या फेऱ्यांचा तक्ता समोर ठेवूनच बसावे.

दुसरी अडचण नावांची आहे आणि ती दिसते त्यापेक्षा गंभीर आहे. श्रेयांक जमा होण्यासाठी विद्यार्थ्याचे अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे श्रेयांक साठवणाऱ्या राष्ट्रीय ऑनलाइन व्यवस्थेत, खाते लागते आणि ते आधारवरील तपशिलाशी जोडलेले असते. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, तर आधारवर बहुधा स्वतःचे नाव आधी येते; कुठे वडिलांच्या नावाला ‘राव’ जोडलेले असते, कुठे नसते; आणि लग्न झालेल्या मुलींच्या बाबतीत तर एका कागदावर माहेरचे व दुसऱ्यावर सासरचे नाव असते. अशा मुलींचे श्रेयांक अडकून राहिले, तर शिक्षण मध्येच थांबवून पुढे कधीतरी परत येण्याची जी मुभा या धोरणाने दिली आहे, ती ज्यांना सर्वांत आवश्यक आहे त्यांच्याच हातून निसटते. पाहणीला जाणाऱ्याने कोणत्याही महाविद्यालयात गेल्यावर पहिल्या तासात एका वर्गाची पटनोंदणी मागावी आणि प्रत्येक विद्यार्थ्याचे गुणपत्रिकेवरील नाव, आधारवरील नाव व कायम नोंदणी क्रमांक शेजारी शेजारी लिहून पाहावेत. महाविद्यालयाच्या कार्यालयातील वरिष्ठ लिपिकांना हे सर्व बारकाईने ठाऊक असते. त्यांच्याकडे कोणी विचारणा करत नाही, एवढेच. प्राचार्यांच्या दालनातील चहा झाल्यावर पुढचा वेळ त्या लिपिकांच्या टेबलाशी घालवावा.

विद्यापीठात भेटीगाठींचा क्रमही महत्त्वाचा असतो. कुलगुरूंची भेट प्रथम मिळाली तर ती अवश्य घ्यावी, पण काम पुढे सरकते ते अधिष्ठाता, परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक आणि त्या त्या विभागाचे कक्ष अधिकारी यांच्याकडे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 ची प्रत सोबत असावी. कोणता निर्णय अभ्यासमंडळाचा, कोणता विद्यापरिषदेचा आणि कोणता व्यवस्थापन परिषदेचा, हे माहीत नसलेल्या सल्लागाराची शिफारस टिपणीतच विरते. आपली शिफारस ज्या प्राधिकरणासमोर जायची आहे त्याच्या बैठकीची तारीख विचारून घ्यावी आणि विषयपत्रिकेत सहज बसेल अशा एका पानाच्या मसुद्यात ती द्यावी.

पैशांबाबत स्पष्ट बोलणे आवश्यक आहे, कारण नव्या सल्लागारांना त्याची कल्पना कोणी देत नाही. कामाचा आदेश लेखी मिळाल्याखेरीज प्रवासाला निघू नये. जीएसटी नोंदणी असेल तर देयकावर तो लावावा लागतो आणि विद्यापीठ व्यावसायिक शुल्कातून 10 टक्के उद्गम करकपात (टीडीएस) करते, हे दर ठरवतानाच लक्षात घ्यावे. प्रवासखर्चासाठी मूळ तिकिटे सांभाळावीत. देयक फेब्रुवारीच्या अखेरीस वित्त विभागात पोहोचेल असे पाहावे. 31 मार्चला आर्थिक वर्ष संपले की तरतूद संपते आणि तेच देयक नव्या वर्षाच्या मंजुरीसाठी पुन्हा पहिल्या टेबलावरून निघते. एका संस्थेत माझे जुने देयक याच कारणाने अनेक महिने रखडले होते.

गडचिरोलीला मी सर्वांत शेवटी गेलो. गोंडवाना विद्यापीठ 2011 मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी स्थापन झाले. त्या निर्णयाचे मोल नकाशावर नव्हे, तर रस्त्यावर कळते: सिरोंचाहून गडचिरोली दोनशे किलोमीटरांहून दूर आहे आणि नागपूर त्याच्याही पलीकडे. सिरोंच्याच्या मुलाला गुणपत्रिकेतील दुरुस्तीसाठी आजही मुख्यालयाला यावे लागले तर जाण्यायेण्यात दोन दिवस आणि मजुरी बुडते. म्हणून परीक्षा विभागाच्या ज्या सेवा ऑनलाइन देता येतील त्या येथे सर्वांत आधी द्याव्यात आणि जेथे नेटवर्क मिळत नाही तेथे महिन्यातून एक ठरलेला दिवस विद्यापीठाच्या कर्मचाऱ्याने महाविद्यालयात जाऊन बसावे, असे मी सुचवले आहे.

येथे जाणाऱ्यांनी नागपूरपर्यंत रेल्वेने येऊन पुढे बसने किंवा गाडीने यावे. दक्षिणेकडील तालुक्यांत जायचे तर आलापल्ली किंवा अहेरीला मुक्काम करावा, प्रवास दिवसाउजेडीच करावा, गाडीत इंधन भरून घ्यावे आणि कागदपत्रे मोबाइलवर अवलंबून न ठेवता छापील स्वरूपात न्यावीत. भामरागडची भेट पावसाळ्यात ठरवू नये, कारण पर्लकोटा नदीला पूर आला की गावाचा संपर्क तुटतो. वर्गात मुले माडिया, गोंडी, तेलुगू आणि मराठी बोलतात, त्यामुळे प्रश्नावली वाटण्यापेक्षा स्थानिक अध्यापकाला सोबत घेऊन गटाने बोलावे.

याच जिल्ह्यात क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभागाच्या श्रेयांकांना खरा अर्थ येऊ शकतो, असे मला मनापासून वाटते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाच्या वापरातील जंगलावर गावाचा सामूहिक हक्क, मिळाला. तेथील ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते आणि निर्णयापूर्वी विषय समजून घेण्यासाठी गावाचे स्वतःचे अभ्यासगट बसतात. अशा गावात वीस प्रश्नांचा छापील फॉर्म घेऊन मुलांना पाठवणे हा गावाच्या वेळेचा अनादर आहे. प्रकल्पाचा विषय आधी ग्रामसभेपुढे मांडावा, गावाला कोणती माहिती हवी आहे ते विचारावे, आणि पूर्ण झालेला अहवाल महाविद्यालयात जमा करण्याआधी गावात वाचून दाखवावा. मूल्यमापनाच्या गुणांत या वाचनाला स्थान द्यावे, ही माझी सूचना आहे.

पदव्युत्तर वर्गांच्या दुसऱ्या सत्रात चार श्रेयांकांचे, म्हणजे 120 तासांचे, कार्यप्रशिक्षण (ऑन जॉब ट्रेनिंग) असते आणि ते याच महिन्यांत चालते. शहरातील महाविद्यालये बँका आणि कारखान्यांकडे वळतात. येथे उद्योग मोजके असल्याने प्राचार्य चिंतेत असतात. परंतु ज्या ग्रामसभा वनहक्काखाली बांबू आणि तेंदूपानांची विक्री स्वतः करतात, त्यांना मजुरीच्या नोंदी, लिलावाची कागदपत्रे, बँक खात्याचा ताळमेळ आणि लेखापरीक्षण या सर्वांत मदत हवी असते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यासाठी याहून सकस प्रशिक्षण मला सुचत नाही. तेंदूपानांचा हंगाम उन्हाळ्यात येतो, त्यामुळे महाविद्यालयाने ग्रामसभांशी बोलणी जानेवारीतच करावी, विद्यार्थ्यांचे तास लिलावाच्या तयारीपासून संकलनाच्या नोंदींपर्यंत विभागावेत आणि त्यासाठी सत्रान्त परीक्षेनंतरचे आठवडेही धरता येतील का, याची विचारणा विद्यापीठाकडे लेखी करावी. त्या पत्राचा मसुदा मी दोन महाविद्यालयांना तयार करून दिला आहे. विद्यापरिषदेच्या पुढील बैठकीत तो विषय यावा यासाठी अधिष्ठात्यांकडे पाठपुरावा सुरू आहे.