न झालेल्या फडाचं गाणं

परभणी, रविवार, रात्री उशिरा

लग्नसराई आहे, लवकर झोपायची आशा सोडली. मघाशी दारावरून वरात गेली. बेंजोवाल्यांनी 'अप्सरा आली' धरलं, तशी नवरदेवाची आत्यासुद्धा पदर खोचून पुढं झाली. हे गाणं ज्या फडाचं, तो फड मात्र कुठल्याच जत्रेत कधी उतरलेला नाही. आनंद यादवांनी 'नटरंग' कादंबरीत तो उभा केला, २०१० साली पडद्यावर आला, आणि आता परभणीच्या रस्त्यावर नाचवतोय.

कादंबरीवाल्याचं एक बरं असतं. 'फड असा रंगला की पहाट कळली नाही' एवढं लिहिलं की भागतं, ढोलकी वाचणाऱ्यानं मनातल्या मनात वाजवून घ्यायची. सिनेमावाल्याला ही सवलत नाही. पडद्यावरचं पब्लिक फेटे उडवतंय आणि खुर्चीतला माणूस जांभई देतोय, असं झालं की गोष्टच बसली. फड खोटा चालतो, गाणं खरंच लागतं. गुरू ठाकूर आणि अजय-अतुलनी ते दिलं.

भाचा सुट्टीला आलाय, गिटारसकट. त्याच्यापुढं हे बोललो तर म्हणाला, "मामा, तुमचं सगळं तमाशापाशीच येऊन थांबतं. 'रॉक ऑन'मधला मॅजिक बँड बघा की." बघितलाय. २००८चा. फरहान अख्तरनं स्वतः गायलंय. आवाज काही तयारीचा नाही, पण मोडलेल्या चार मित्रांच्या त्या गोष्टीला तोच शोभतो. तिथं कुणी कसलेला गायक घातला असता तर वाटोळं झालं असतं.

सगळ्यात अवघड काम मला 'दॅट थिंग यू डू!'चं वाटतं. टॉम हँक्सचा, १९९६चा सिनेमा. १९६४ सालातली पेनसिल्व्हेनियातली पोरं एका गाण्यावर वर चढतात. म्हणजे तेच गाणं सिनेमाभर वाजणार, आणि ऐकणाऱ्याला वीट येता कामा नये! ॲडम श्लेसिंजरनं ते लिहिलं; ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलं. त्याच्याही पलीकडचे म्हणजे आर्चीज. कार्टूनमधली चितारलेली पोरं, पण १९६९ साली 'शुगर, शुगर' अमेरिकेत चार आठवडे पहिल्या नंबरावर. गळा रॉन दांतेचा. त्याला कोण ओळखतं?

'स्पायनल टॅप'वाल्यांची तऱ्हा उलटी. १९८४च्या त्या सिनेमात गाणी मुद्दाम हास्यास्पद केलेली, पण नट खरोखर वाजवणारे. पुढं हा खोटा बँड लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जाऊन वाजवून आला.

माळेगावला खंडोबाच्या यात्रेत तमाशाच्या तंबूत बसलेला माणूस तिकिटाचे पैसे वसूल केल्याशिवाय उठत नाही. सिनेमातल्या फडाला ती धास्ती नाही, तिथलं पब्लिकसुद्धा रोजानं आणलेलं. वरातीतल्या आत्याबाईंना मात्र कुणी रोज दिलेला नव्हता.

आपल्याकडच्या बेंजो पार्टीवर कुणी कादंबरी लिहायला पाहिजे. सुपारीचा भाव, एका तिथीला तीन गावं, पावसाळ्यात रिकामे हात, गायकाचं आणि मालकाचं वाजलेलं. भाचा म्हणाला, "मी लिहितो, नाव सांगा." नाव काहीही ठेव म्हटलं, पण सुरुवात 'न्यू'नंच कर, पार्टी आजोबांच्या काळातली असली तरी.