कोहिमा : तीन आठवड्यांचा शिधा

नागालँडमध्ये आठ दिवस होतो. दिमापूरच्या रस्त्यावरची धूळ, खोनोमाची शेतं, सगळं पुन्हा कधीतरी लिहीन. आज फक्त कोहिमाच्या युद्ध दफनभूमीतली दुपार.

टेकडीवर टप्प्याटप्प्याने थडगी आहेत. वरच्या अंगाला जिल्हाधिकाऱ्यांच्या बंगल्याचं टेनिस कोर्ट होतं, आता नुसत्या पांढऱ्या रेघा उरल्यात. १९४४ च्या एप्रिल-मेमध्ये या कोर्टाच्या एका बाजूला ब्रिटिश-भारतीय सैनिक होते, दुसऱ्या बाजूला जपानी. आम्ही गेलो तेव्हा काही मुलं त्याच रेघांवर नाचत रील काढत होती. मला ते फार लागलं.

मी पायरीवर बसलो, आणि डोक्यातून लेफ्टनंट जनरल कोतोकु सातो जाईना. जपानी ३१व्या डिव्हिजनचा हा प्रमुख. त्याचा वरिष्ठ मुतागुची. ब्रह्मदेशातून भारतावर चाल करायची ही मोहीम तीन आठवड्यांत उरकेल असा मुतागुचीचा हिशोब, म्हणून तिथली चिंदविन नदी ओलांडताना शिधाही तेवढाच. बरोबर हाकत आणलेली कितीतरी गुरं नदीत आणि डोंगरात गेली. सगळे उपाशी मरू शकतो, हे सातोने आपल्या अधिकाऱ्यांना आधीच सांगितलं होतं. त्यात मणिपूरमधल्या सांगशाकला त्याच्या सैन्याचे सहा दिवस गेले. तिथे अडवणाऱ्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. माझं लहानपण बेळगावात, याच रेजिमेंटच्या सेंटरजवळ गेलं. पहाटेचं बिगुल ऐकत वाढलो, पण सांगशाक हे नाव शाळेत कुणी सांगितलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

अन्न आलंच नाही. मेअखेरीस सातोने हुकूम मोडून उरलेली माणसं मागे नेली. त्याला कोर्ट मार्शल हवं होतं, म्हणजे मुतागुचीचा कारभार तिथे मांडता आला असता. ते होऊ दिलं नाही, मनाचा तोल गेलाय असं ठरवून त्याला दूर केलं. मी त्याला थोर म्हणणार नाही. तो चाल करून आला होता, आणि त्याच्या भुकेल्या माणसांनी नागा गावांतलं धान्य नेलं.

रात्री होमस्टेच्या आंटींनी अखुनी, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, घातलेलं डुकराचं मांस आणि भात वाढला. त्यांची आजी तेव्हा जंगलात लपली होती, परतली तर घरात दाणा नव्हता. “और लो,” म्हणत त्या वाढत होत्या. मी ताटात एक शीतही ठेवलं नाही.