रात्र थोडी, तिकिटं फार

माझ्याकडे एक जुनी स्प्रेडशीट आहे. तिच्या एका चौकोनात मी ५० चे ८० केले होते. कुणी सांगितलं म्हणून नाही, माझं मीच. संध्याकाळी साडेसहाला, सगळे निघून गेल्यावर.

आमचं सॉफ्टवेअर गोदामांसाठी आहे. माल आला, माल गेला, कुठल्या रॅकवर काय पडलंय, एवढंच बघायचं. मी त्याची प्रॉडक्ट मॅनेजर, म्हणजे पुढे काय बनवायचं आणि कशाच्या आधी कशाला घ्यायचं ते ठरवणारी. त्याआधी तीन वर्षं मी याच सॉफ्टवेअरच्या सपोर्टला होते, म्हणजे दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांचा वैताग ऐकायचा आणि त्याचं तिकीट काढायचं, म्हणजे सिस्टीममध्ये त्या तक्रारीची नाहीतर मागणीची नोंद करायची. तेव्हा काढलेली काही तिकिटं आज माझ्याच पुढ्यात येऊन पडतात. वर्णनाच्या जागी 'कस्टमर खूप चिडलेला आहे' एवढंच. करावं तसं भरावं, दुसरं काय.

तर ती स्प्रेडशीट. कुठलं काम आधी घ्यायचं ते ठरवायची राइस नावाची पद्धत आहे, इंटरकॉम या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रॉडक्ट टीममधून आलेली. प्रत्येक कामाला चार आकडे द्यायचे. ठरावीक काळात, समजा तीन महिन्यांत, ते किती जणांपर्यंत पोचेल हा रीच. प्रत्येकाला त्याचा किती फरक पडेल हा इम्पॅक्ट, त्याची पट्टी ३ पासून ०.२५ पर्यंत. आपल्याला स्वतःच्या अंदाजाची किती खात्री आहे हा कॉन्फिडन्स, १००, ८० किंवा ५० टक्के. या तिघांचा गुणाकार करून त्याला एफर्टने, म्हणजे किती माणूस-महिने लागतील त्याने, भागायचं. येईल तो स्कोअर.

त्या तिमाहीत दोन कामं समोरासमोर होती. एक डॅशबोर्ड, गोदामाच्या मालकाला एका नजरेत सगळं दाखवणारा. ४०० ग्राहक, इम्पॅक्ट २, खात्री ५० टक्के, चार माणूस-महिने. स्कोअर १००. दुसरं काम अगदी रूक्ष. फाटक्या, मळलेल्या लेबलवरचा बारकोड स्कॅन झाला नाही तर कोडचे शेवटचे चार आकडे टाकून वस्तू शोधता यावी. १२०० ग्राहक, इम्पॅक्ट ०.५, खात्री ८० टक्के, एफर्ट तेवढाच. स्कोअर १२०.

डॅशबोर्ड मला आवडला होता. माझ्या साहेबांनाही आवडला होता. त्याची चित्रं तयार होती आणि ती सुंदर होती. मग मी त्या पन्नासकडे बघितलं आणि स्वतःशी म्हटलं, आपण दोन ग्राहकांशी बोललोय की, पन्नास जरा कमीच वाटतं. ८० केले. स्कोअर १६०. दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये मी तो आकडा असा दाखवला की जणू तो आकाशातून पडला होता.

डॅशबोर्ड झाला. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी उघडून बघितला, वा म्हणाले. तीन महिन्यांनी मी वापराचे आकडे काढले तेव्हा आठवड्यातून एकदा तरी तो उघडणारी ३१ गोदामं होती. ४०० धरली होती मी. मालक मंडळी सकाळी गोदामात फोन लावून विचारतात, त्यांना तेच बरं पडतं. हे मला सपोर्टच्या काळापासून माहीत होतं, म्हणजे माहीत असायला हवं होतं.

यावर लोक म्हणतात, बघ, या फॉर्म्युल्यांत काही अर्थ नसतो. मला तसं वाटत नाही. फॉर्म्युला खरं तेच सांगत होता. ५० टक्के खात्री म्हणजे काय? म्हणजे मला माहीत नाही. तो आकडा मला सांगत होता, बाई गं, आधी जाऊन विचारून ये, मग रांगेत लाव. मी विचारायला गेले नाही, आकडाच बदलला. चार माणूस-महिन्यांऐवजी चार फोन केले असते तर काम झालं असतं.

तेव्हापासून माझी एक सवय. खात्री ५० असलेल्या कामाचा स्कोअर मी काढतच नाही. त्याच्यासमोर फक्त कुणाला काय विचारायचं ते लिहिते.

बाकीच्या पद्धतीही वापरून झाल्या. मॉस्को म्हणतात ती, मस्ट, शुड, कुड, वोंट, म्हणजे करायलाच हवं, करायला हवं, जमलं तर करू, आणि यावेळी नाही. डाय क्लेग यांनी १९९४ मध्ये ओरॅकलमध्ये असताना मांडलेली. ती डीएसडीएम नावाच्या, प्रकल्प चालवायच्या ज्या पद्धतीत पुढे रुळली, तिथे मस्टचं काम एकूण श्रमांच्या ६० टक्क्यांवर जाऊ देऊ नका असं बजावलेलं आहे. आमच्याकडे सेल्सवाल्यांना भिंतीवर चिठ्ठ्या लावायला सांगितल्या तर मस्टचा रकाना भिंतीवरून खाली दरवाज्यापर्यंत आला आणि वोंटमध्ये एकच चिठ्ठी. तीही माझीच होती. तसंच ते पी वन, पी टू, पी म्हणजे प्रायोरिटी. सगळंच पी वन झालं तेव्हा कुणीतरी पी झिरो काढला. आता पी झिरोत अकरा गोष्टी आहेत. शून्याच्या खाली जायची वेळ येणार, दुसरा मार्ग दिसत नाही.

स्क्रम म्हणजे स्प्रिंट नावाच्या छोट्या छोट्या फेऱ्यांत काम करायची पद्धत. तिच्या गाइडवाल्यांनी २०११ मध्ये एक बारीक बदल केला होता. बॅकलॉगला, म्हणजे करायच्या कामांच्या यादीला, 'प्रायोरिटाइज्ड' (महत्त्वानुसार लावलेला) म्हणायचं सोडून 'ऑर्डर्ड' (क्रमाने लावलेला) म्हणायला लागले. मला आधी तो शब्दांचा खेळ वाटला. पण महत्त्वाच्या गोष्टी एकाच वेळी दहा असू शकतात, क्रमांक एकवर मात्र एकच बसते. 'हे महत्त्वाचं आहे का?' असं विचारलं की उत्तर कायम हो येतं. 'हे त्याच्या आधी की नंतर?' असं विचारलं की माणूस गप्प होतो, खुर्चीत जरा सरळ बसतो आणि पहिल्यांदाच विचार करतो. मी हल्ली दोनच तिकिटं समोर ठेवते आणि एवढंच विचारते.

पण हा क्रम तरी कशाचा लावायचा? तिकिटात काय दडलंय तेच माहीत नसेल तर आपण फक्त शीर्षकांची रांग लावत असतो. इथे आमची आणखी एक मीटिंग येते, तिकिटं उलगडून बघायची. पूर्वी तिला ग्रूमिंग म्हणायचे. स्क्रम गाइडने २०१३ मध्ये तो शब्द काढून रिफाइनमेंट केला. आमच्याकडे अजून निम्मे लोक ग्रूमिंगच म्हणतात. गाइडमध्ये पूर्वी असंही होतं की यात टीमची साधारण १० टक्क्यांपेक्षा जास्त शक्ती जाऊ नये. २०२० च्या आवृत्तीत ते वाक्य गेलं. आम्ही गुरुवारी दीड तास बसतो. बहुतेक गुरुवार कंटाळवाणे असतात, खोटं कशाला बोलू. एक मात्र नीट आठवतो.

तिकीट होतं: 'परत आलेल्या मालाचा साठा आपोआप वाढावा.' तीन वर्षं पडून होतं, भिजत घोंगडं. सात ग्राहकांनी मागितलेलं, सेल्सचं लाडकं. ग्राहकाकडून माल परत आला की गोदामातला माणूस तो हाताने सिस्टीममध्ये चढवतो, ते आपोआप व्हावं. मी तीन ओळींत लिहून आणलं होतं. डेव्हलपरांनी पत्ते टाकले (आम्ही प्लॅनिंग पोकर खेळतो, म्हणजे काम किती मोठं याचा अंदाज प्रत्येकाने पत्त्यावरच्या आकड्याने द्यायचा), तर कुणाचा आठ, कुणाचा वीस. शेवटी तेरावर तोडपाणी होणार इतक्यात आमच्या टेस्टरने विचारलं,

"परत आलेला माल फुटका असेल तर?"

आमची टेस्टर मीटिंगमध्ये फारशी बोलत नाही. वहीत काहीतरी खरडत बसते. बोलते तेव्हा दीड तासाची मीटिंग दोन तासांची होते.

"फुटका असेल तर साठ्यात धरायचा नाही," मी म्हटलं.

"मग आपोआप कसं? फुटका आहे हे कोण बघणार?"

"गोदामातला माणूस."

"म्हणजे तो खोका उघडणार, बघणार, आणि मग बटण दाबणार. आत्ता काय करतो?"

आत्ताही तेच करतो. खोका उघडतो, बघतो, बटण दाबतो. कुणीतरी हसलं. मी हसले नाही, कारण तिकीट मी लिहिलं होतं.

मग एकेक निघायला लागलं. परत येणार म्हणून नोंद झाली पण खोका आलाच नाही, तर? खोका आला पण आत भलतीच वस्तू? पाच पाठवले होते, तीनच आले? सीनियर डेव्हलपर म्हणाला, "एवढं सगळं असेल तर हे तेराचं काम नाही, हे तीन स्प्रिंटचं काम आहे." अंदाज वर चालला आणि तिकीट रांगेत खाली. मी मीटिंग तिथेच थांबवली आणि मागणी करणाऱ्या सातांपैकी एकाला फोन लावला. मालकाला नाही, स्टोअरकीपरला. सपोर्टच्या दिवसांपासून त्यांचा आवाज ओळखीचा होता, फोन स्पीकरवर टाकला.

"काका, परतीचा माल आपोआप चढावा असं तुमच्याकडून आलंय. नक्की काय अडतं तुमचं?"

"आपोआप कशाला हो मॅडम? चढवायला मला दोन मिनिटं लागतात. माझं दुखणं वेगळंय. सकाळी गाडी येते आणि दारातच वीस खोके उतरवते. काय येणार, किती येणार, मला आधी काहीच पत्ता नसतो. जागा नसते, माणूस नसतो. आदल्या दिवशी कळलं तर मी कोपरा मोकळा करून ठेवीन."

"म्हणजे उद्या काय परत येणार त्याची यादी दिली तर?"

"यादी दिली तर काय, सोनंच."

ही यादी आमच्या सिस्टीममध्ये होतीच! परतीची विनंती मंजूर झाली की नोंद पडते, फक्त ती ऑफिसातल्या स्क्रीनवर दिसते, गोदामातल्या नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. उरलेल्या सहापैकी चौघांना त्या आठवड्यात फोन केले. तिघांचं दुखणं हेच. चौथ्याला खरंच आपोआप हवं होतं, त्याच्याकडे सगळा माल सीलबंद पिंपांत येतो, फुटायचा प्रश्न नाही. त्याला मी सरळ सांगितलं की इतक्यात होणार नाही. तो थोडा नाराज झाला. पण तीन वर्षं 'रोडमॅपवर आहे' ऐकण्यापेक्षा हे बरं, असंही म्हणाला, जरा लागेल असंच.

पुढच्या गुरुवारी पत्ते टाकले तर सगळ्यांचा तीन. सव्विसाव्या क्रमांकावरचं तिकीट दुसऱ्यावर आलं. त्याचं महत्त्व रतीभरही वाढलेलं नव्हतं, आतलं काम तेवढं बदललं होतं. मी पूर्वी समजत होते की आधी क्रम लावायचा आणि मग वरच्या दहा तिकिटांना पैलू पाडायचे. हे सव्विसावं तिकीट तसं कधीच वर आलं नसतं. म्हणून आता रिफाइनमेंटला दर वेळी एक तिकीट मुद्दाम तळातून उचलते. बहुतेक वेळा तळातलं ते तळातलंच निघतं, दहा मिनिटांत मिटतं.

तळावरून आठवलं. गेल्या वर्षी आमच्या बॅकलॉगमध्ये ६१२ तिकिटं होती. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगांचा एक नियम आहे: रांगेत सरासरी किती जण आहेत त्याला ठरावीक वेळात किती जण बाहेर पडतात त्याने भागा, सरासरी थांबायचा वेळ निघतो. आम्ही एका स्प्रिंटमध्ये, म्हणजे दोन आठवड्यांत, साधारण १२ तिकिटं संपवतो. ६१२ भागिले १२, एक्कावन्न स्प्रिंट. जवळपास दोन वर्षं. तेही मध्ये एकही नवीन तिकीट पुढे घुसलं नाही तर, आणि आमच्याकडे दोन आठवड्यांत पंधरा तरी घुसतात. म्हणजे बहुतेक तिकिटांचा नंबर येणारच नव्हता. आणि आम्ही प्रत्येकाला 'नोंद घेतली आहे' असं कळवून बसलो होतो.

वर्षभर कुणी हात न लावलेली सगळी बंद करायची ठरवली. ४४० निघाली. साहेब म्हणाले, लोक ओरडतील. मी प्रत्येक मागणाऱ्याला दोन ओळींचं पत्र धाडलं: हे आम्ही करणार नाही आहोत, अजून अडत असेल तर उलट लिहा, मी स्वतः फोन करीन. उलट लिहिणारे नऊ. नऊच्या नऊ जणांना फोन केले, त्यातल्या दोघांना आपण काय मागितलं होतं तेच आठवेना. बंद केलेल्यांत माझी सपोर्टच्या दिवसांतली अठ्ठावीस होती. ती बंद करताना हात जरा जड झाला, 'कस्टमर खूप चिडलेला आहे' वाली तर विशेष. कोण होता, कशावर चिडला होता, आता कळायला मार्ग नाही.

शेवटचे चार आकडे टाकून शोधायची सोय मात्र अखेर आली, सव्वा वर्ष उशिरा. काकांनी त्यावर काही अभिप्राय दिला नाही. रोज वापरतात, लॉगमध्ये दिसतं.

परवा यादी चाळताना लक्षात आलं, 'आपोआप' हा शब्द शीर्षकात असलेली अजून चार तिकिटं आहेत. त्यातलं पहिलं या गुरुवारी घ्यायचं होतं. पण टेस्टर रजेवर आहे, म्हणून ते पुढच्या गुरुवारवर ढकललंय.